उजेडाशी हुज्जत

आधीच सांगून टाकते, विज्ञानाचं आणि माझं कधी जमलं नाही. दहावीला काठावर पास झाले आणि पुस्तक त्याच आठवड्यात रद्दीत गेलं. मग अर्धवट राहिलेलं बी.ए. पुरं करायला मी पस्तिशी उलटल्यावर पुन्हा कॉलेजात नाव घातलं. तेव्हा कळलं, की नव्या नियमानं कला शाखेच्या पोरांनाही विज्ञानाचा एक विषय घ्यावाच लागतो. माझं डोकंच फिरलं. "मी मराठी शिकायला आले, मला काय रॉकेट उडवायचंय का?" असं ऑफिसातल्या बाईंना विचारलंसुद्धा. तो विषय मी पुढं ढकलत ढकलत शेवटच्या सहामाहीपर्यंत आणला. तोवर संगणक भरला होता, माती परीक्षणही भरलं होतं. 'विश्वाची ओळख' नावाच्या विषयात मात्र जागाच जागा. बाई म्हणाल्या, "ताई, आता विश्वच उरलंय."

ही पदवी माझ्यासाठी हौस नव्हती. शहरात गारखेडा भागातल्या एका बालवाडीत मी अकरा वर्षं काम करते. गाणी, अक्षरं, आकडे सगळं मीच शिकवते, पण कागदावर मी मदतनीस. "पदवी दाखवा, जूनपासून वर्ग तुमच्या नावावर करते," असं आमच्या संचालक बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. आणि दुसरं एक जुनं दुखणं होतं. लग्न ठरलं तेव्हा मी माहेरी, कन्नड गावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अजून शिकून काय करायचंय?" आणि नाव काढून आणलं. त्यांच्यापुढं बोलायची तेव्हा घरात कुणाची टाप नव्हती. अठरा वर्षं मी ते वाक्य गिळून बसले होते. या एका पेपरापायी पदवी पुन्हा राहिली असती, तर मी वेडीच झाले असते.

पहिल्या तासाला भौतिकशास्त्राचे सर आले. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, एका हातात हेल्मेट, खिशाला शाईचा डाग. समोर आम्ही चाळीसेक जण, निम्मे मोबाइलमध्ये. सरांनी हजेरी घेतली नाही. खिशातून एक हरभरा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा सूर्य. आता पृथ्वी केवढी आणि कुठे, सांगा." कुणी मोहरी म्हणालं, कुणी वीतभर लांब म्हणालं. सरांनी हात लांब केला आणि हाताच्या टोकाशी दोन बोटांची चिमूट धरली. "इथे. आणि पिठाच्या कणाएवढी, तुम्हाला दिसणारसुद्धा नाही इतकी बारीक. बरं, सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, म्हणजे पुढचा हरभरा कुठे?" आम्ही दारापर्यंत गेलो, फाटकापर्यंत गेलो, एकानं धीर करून शहराच्या मधला क्रांती चौक म्हटलं. सर म्हणाले, "पुण्यात."

मागून एका पोरीनं विचारलं, "आणि सर, मधल्या सव्वादोनशे किलोमीटरमधे?"

"मधे काही नाही."

मोबाइलमधली पोरंसुद्धा वर बघायला लागली. घरी येऊन फोडणी टाकली तरी डोक्यात तोच हरभरा. मोहरी करपली, नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पुढचा हरभरा पुण्यात आहे." तो बिचारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

सरांचा एकच कायदा होता: समजलं नसेल तर मान हलवायची नाही. आपल्याला ती सवयच असते. मास्तर बोलतोय, आपण डोलतोय. कुणी मान हलवली की सर तिथंच थांबायचे आणि विचारायचे, "काय समजलं, सांगा बघू." तो खल्लास. आठ दिवसांत सगळा वर्ग बोहल्यावरच्या नवरदेवासारखा ताठ मानेनं बसायला लागला. पण गंमत बघा, मान हलवायची सोय गेली तशी पोरं तोंडानं विचारायला लागली. ज्या पोरांना मी कॉरिडॉरमध्ये फक्त रील बघताना पाहिलं होतं, ती पोरं विचारत होती, "सर, विश्व सुरू व्हायच्या आधी काय होतं?" आणि सर बिनधास्त म्हणायचे, "मला माहीत नाही. कुणालाच नक्की माहीत नाही." मास्तरच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग तो फुग्यांचा दिवस. विश्व पसरतंय म्हणजे काय होतंय, ते सरांना दाखवायचं होतं. फुग्यावर स्केचपेननं ठिपके काढायचे, एकेक ठिपका म्हणजे एकेक आकाशगंगा. मग फुगा फुगवायचा आणि ठिपके एकमेकांपासून लांब जाताना बघायचे. माझं पेन वाळलेलं, बालवाडीतलं, टोपण कुणी लावलेलंच नाही. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. मी टिकल्या चिकटवल्या आणि फुगा फुगवला. शेजारच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या, "काकू, फुग्याचं हळदीकुंकू आहे का?" तेवढ्यात सर आले, त्यांच्या कपाळाला आठी. "मी ठिपके काढायला सांगितले होते."

माझं टाळकं तापलं. "पेन वाळलंय सर. आणि बघा ना, ह्यांचे ठिपके फुग्याबरोबर केवढे ढब्बू झालेत. माझ्या टिकल्या होत्या तेवढ्याच आहेत, नुसत्या लांब गेल्यात. तुमच्या आकाशगंगा पण फुगतात का?"

सर माझा फुगा आणि शेजारणीचा फुगा घेऊन खिडकीपाशी गेले. मला वाटलं, झालं, आता वर्गाबाहेर. सर वळले आणि सगळ्यांना म्हणाले, "आकाशगंगा फुगत नाहीत. त्या आपल्या गुरुत्वाकर्षणाने स्वतःला धरून असतात. पसरते ती मधली जागा. म्हणजे ठिपका चुकीचा आहे आणि टिकली बरोबर. मी इतकी वर्षं ठिपके काढायला लावतोय आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही." एवढं बोलून त्यांनी आपल्या वहीत ते लिहून घेतलं. चाळीस पोरांपुढं, एका टिकलीपायी, असं सरळ कबूल करणारा मास्तर मी जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवसानंतर मी त्यांचा एकही तास बुडवला नाही.

अंतर्गत परीक्षेची सरांची रीत ऐकून मात्र मी हबकलेच. पेपर नाही, वही नाही. चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत एक कल्पना. ती अशा माणसाला शिकवायची, ज्याचं विज्ञान दहावीला किंवा त्याच्याही आधी सुटलंय. मग त्या माणसाला कॉलेजात घेऊन यायचं. सर प्रश्न विचारणार ते त्या माणसाला. आपण मागच्या बाकावर बसायचं आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढला तर परीक्षा रद्द, विषय नापास. "तुम्हाला समजलं का, हे तुम्हालाच विचारून मला कळत नाही," सर म्हणाले. "तुम्ही ज्याला शिकवलं, त्याला विचारलं की कळतं." रीत भारी होती, मानलं. पण मी आणि गप्प बसणार? अहो, मी दवाखान्यात थर्मामीटर तोंडात असताना बोलते.

आणि माझी चिठ्ठी तरी कसली निघावी! कुणाला चंद्राच्या कला, कुणाला ग्रहण. मला निघालं, 'प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच'. शिकवायला माणूस मिळेना. नवरा बिडकीनकडच्या कंपनीत, मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, म्हणून तो बाद. खालच्या मजल्यावरच्या मावशी तयार झाल्या, आठ दिवस त्यांना शिकवलं आणि त्या लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या. परीक्षेला पंधरा दिवस उरले. घरात उरले अण्णा.

अण्णा कन्नडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आले होते. डोळ्यावर काळा चष्मा, टीव्ही बंद, पेपर बंद, उन्हात जायचं नाही. सातवी शिकलेले. शेत धाकट्या काकांनी सांभाळलं आणि अण्णांनी पस्तीस वर्षं कन्नड ते शहर अशी जीप चालवली, वेळेला घाटातूनसुद्धा. ज्यानं माझं शिक्षण थांबवलं, त्यालाच शिकवायला बसायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. पण दुसरा इलाज नव्हता. मी पाट घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसले.

सुरुवात झकास झाली. "अण्णा, तुमची जीप साठनं चाललीय, पुढची पन्नासनं. तुम्ही तिला कितीनं गाठता?"

"धानं. हे तू मला शिकवती?"

"समोरनं पन्नासनं येणारी असली तर?"

"एकशेदहानं अंगावर येती. पुढं बोल."

"बरं. जीप उभी आहे, हेडलाइट लावला, उजेड त्याच्या वेगानं निघाला. आता जीप पळतीय आणि हेडलाइट लावला. तर उजेडाचा वेग किती?"

"उजेडाचा अधिक जीपचा."

"नाही. तेवढाच."

अण्णा खाटेवर उठून बसले. "नाय. जमत नाय. चालत्या गाडीतनं कुणी पुढं तोंड करून थुकलं, तर गाडीचा जोर त्याला लागतोच की. मग उजेड काय आभाळातनं पडलाय?"

"अण्णा, उजेडाला तो जोर लागत नाही. रस्त्यावरच्या माणसानं मोजला तरी तेवढाच, जीपमधल्यानं मोजला तरी तेवढाच. त्याच्या मागं कितीही जोरात पळा, तो तुमच्यापुढं तेवढ्याच वेगानं पळणार."

"मग पळायचं कशाला?"

झालं. पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही. मी भाजी निवडतेय, अण्णा न्हाणीतून हाक मारताहेत, "अगं ए, दोन जीपा समोरासमोर आल्या अन् दोघांनी लाइट लावले तर?" मी कामावरून येतेय, जिन्यातच सुरू, "आपली जीपच उजेडाच्या वेगानं गेली तर लाइट पेटंल का नाय?" त्याचं उत्तर मला येईना. मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारून आले: जीपच काय, वजन असलेली कुठलीच वस्तू त्या वेगाला पोचत नाही. अण्णा म्हणाले, "बघ, पळवाट काढली." नवरा म्हणायचा, "जरा हळू, खालची माणसं वर येतील." माझी पोरगी वैतागली. मी अण्णांशी जन्मात इतकी बोलले नव्हते, आणि भांडायची तर कधीच हिंमत झाली नव्हती.

मी सांगितलं, वेग म्हणजे किती अंतर, किती वेळात. उजेडाचा वेग सगळ्यांना सारखा यायचा असेल, तर सगळ्यांचा वेळ आणि सगळ्यांचं अंतर सारखं राहूच शकत नाही. रस्त्यावरच्याला जीपमधलं घड्याळ मागं पडलेलं दिसणार. हे ऐकून अण्णा खाटेवरून पाय खाली सोडून बसले.

"म्हणजे उजेडाचा आकडा राखायसाठी घड्याळ खोटं पाडायचं?"

"खोटं नाही. ज्याचं घड्याळ त्याला खरंच."

"कन्नडात एक टाइम अन् माझ्या जीपमध्ये एक?"

"व्हय अण्णा. फरक इतका बारीक की आपल्याला कळत नाही. पण वर उपग्रहात जी घड्याळं असतात, त्यांचा हा हिशेब धरला नाही, तर मोबाइलमधला नकाशा भलतीकडं नेईल."

"त्या नकाशाचं मला सांगू नको. दोनदा मला नाल्यात घालायला निघाला होता."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी हात टेकले. म्हटलं, "अण्णा, पाया पडते. सर विचारतील, पटलं का, नुसतं व्हय म्हणा. माझी पदवी आहे हो त्याच्यावर. जूनपासून वर्ग मिळणार आहे मला."

अण्णांनी काळा चष्मा माझ्याकडं वळवला. "इमानानं सांगतो, मला पटलेलं नाय. मास्तरपुढं जाऊन खोटं बोलू?"

मला रडूच फुटलं. ह्यांच्या एका वाक्यानं तेव्हा बी.ए. गेलं आणि आता ह्यांच्या इमानापायी पुन्हा जाणार. मी आत जाऊन भांडी आपटली, दुसरं काय करणार!

दुसऱ्या दिवशी रिक्षानं कॉलेजात गेलो. आमच्या आधी एका पोरानं मामाला आणलं होतं. सरांनी विचारलं, "कृष्णविवर म्हणजे काय?" मामा म्हणाले, "समजलं सर सगळं. पोरानं छान सांगितलं." सर म्हणाले, "काय सांगितलं?" मामा म्हणाले, "छान सांगितलं." मागच्या बाकावर पोरगं डोकं धरून बसलं. त्याला पुन्हा यायला सांगितलं.

मग आमचं नाव आलं. अण्णा टोपी सारखी करून खुर्चीवर बसले, माझ्याकडं पाठ. मी मागच्या बाकावर, ओढणीचं टोक दातांत.

सर म्हणाले, "काका, प्रकाशाच्या वेगाबद्दल तुमच्या मुलीने काय शिकवलं?"

"शिकवलं लई. पण आधीच सांगतो सर, मला पटलेलं नाय."

मी ओढणी आणखी करकचून चावली. सरांनी पेन खाली ठेवलं. "काय पटलेलं नाही?"

अण्णांनी टेबल चाचपलं, डस्टर हाताला लागलं, ते पुढं सरकवलं. "ही माझी जीप. उभी असली तर उजेड निघतो त्याच्या वेगानं. पळत असली तर जीपचा वेग त्याच्यात पडायला पायजे. तुमचं म्हणणं, पडत नाय. मी जीपमध्ये बसून मोजला तरी तेवढाच, अन् तुम्ही वेरूळच्या फाट्यावर उभं राहून मोजला तरी तेवढाच. आता हे व्हायचं तर एकच रस्ता हाय. तुमचं घड्याळ अन् माझं घड्याळ एक नाय. तुमचा मीटर अन् माझा मीटर एक नाय. म्हणजे पस्तीस वर्षं मी ज्याला टाइम म्हणलं, तो सगळ्यांचा नव्हताच, माझ्यापुरता होता. हे कसं पटंल माणसाला?"

सर म्हणाले, "काका, सकाळपासून इथे दहा जण बसून गेले. सगळ्यांना पटलं होतं. नेमकं काय पटायचं आहे, ते सांगणारे तुम्ही पहिले. तुमच्या घड्याळात फरक पडत होता, फक्त दिसण्याइतका नव्हता."

"ही पण असंच म्हणती."

"मग तिचं चुकतंय असं वाटतं का तुम्हाला?"

"नाय." अण्णांनी डस्टर परत जागेवर ठेवलं. "पंधरा दिवस म्हणलं, कुठंतरी पकडीन हिला. नाय सापडली. मी ज्या रस्त्यानं जावं, तिथं ही आधीच उभी. मला उजेडाचं पटलं नाय ते नाय. पण हिला समजलंय, एवढं मला समजलं. हे मला तवाच कळायला पायजे होतं सर. दुसऱ्या वर्षाला होती. मीच नाव काढलं हिचं. लई मोठी चूक केली मी."

"काका, हे मी विचारलं नव्हतं."

"मग विचारायला पायजे होतं. परीक्षा हिची नं?"

खरं सांगते, मला आधी संतापच आला. अठरा वर्षं! आणि सांगायचं ते परक्या माणसाला, माझ्याकडं पाठ करून? घरी एवढं एक वाक्य बोलता आलं नसतं? सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं, पण शब्द निघाला तर पदवी गेली, म्हणून दात घट्ट आवळून बसले. मग बसल्या बसल्या कळलं, की घरी त्यांनी सुरुवात केली असती, तर मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नसतं. मागचं सगळं उकरून भांडले असते आणि ते पुन्हा कधी बोलले नसते. इथं मला शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

सरांनी कागदावर पैकीच्या पैकी लिहिलं, कागद उचलून मला लांबूनच दाखवला आणि म्हणाले, "या ताई. आता बोललात तरी चालेल."

मी पुढं गेले, अण्णांच्या दंडाला धरलं. म्हटलं, "चला अण्णा, बाहेर ऊन आहे. चष्मा काढू नका."